लंडनचा शेरा, लाहोरचं पत्र आणि अठराशे रुपये



'शोधनिबंध' या प्रकाराबद्दल आपल्यात दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, ती सगळी भटजींची पाठशाळा आहे. तिथं आपलं छापून येणार नाही, आलं तरी कुणी वाचणार नाही, तेव्हा तिकडं फिरकूच नका. दुसरा पक्ष गुपचूप अठराशे रुपये भरतो, आयएसएसएन नंबर असलेल्या कुठल्यातरी मासिकात आठ पानं छापून घेतो, रंगीत सर्टिफिकेट फाईलीत लावतो आणि प्राध्यापकीच्या मुलाखतीला जातो. पहिला पक्ष मोर्चात पुढं असतो, दुसरा रांगेत. संध्याकाळी दोघं एकाच टपरीवर अर्धा-अर्धा चहा घेतात. मला दोघांचंही पटत नाही.

मी जिनिंगमधला कामगार. रुई वेगळी, सरकी वेगळी करायची, गाठी बांधायच्या, हे माझं काम. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे वाचलं ते रात्रपाळीनंतर. मग विद्यापीठाच्या या भानगडीत माझं काय काम, असं कुणी म्हणेल. काम आहे. एक तर आमच्या सिद्धेश्वरचा एक दोस्त पीएच.डी. करतोय, त्याचा प्रत्येक कागद माझ्या डोळ्याखालून जातो. दुसरं म्हणजे गेल्या दोन वर्षांत दलित कवितेवरचे तीसेक शोधनिबंध मी वाचून काढले. त्यातल्या एकात माझ्या दोन कवितांवर अर्धं पान आहे. मला ते कुणी कळवलं नाही. झेरॉक्स दोस्तानं आणली तेव्हा समजलं. ज्याच्या अंगाची कातडी काढून अभ्यास चाललाय, त्याला अभ्यासाबद्दल बोलायचा हक्क असतोच.

आधी त्या तीस निबंधांबद्दल बोलतो. मथळे बघा : दलित कवितेतील विद्रोह, दलित कवितेतील वेदना, दलित कवितेतील वेदना आणि विद्रोह. सुरुवातीला व्याख्या. मग उद्दिष्टे, गृहीतके, संशोधनाची मर्यादा. मग १९७२ चा ढसाळांचा 'गोलपिठा', त्याची दोन-चार ठरलेली वाक्यं. शेवटी निष्कर्ष, की दलित कवितेत वेदना आणि विद्रोह आहे. अरे बाबा, ते तर मथळ्यातच होतं! मधली आठ पानं कशाला जाळली? कवितेची ओळ कशी तुटते, शिवी कुठं येते आणि का येते, मराठवाड्याची बोली आणि कामाठीपुऱ्याची बोली एकाच कवितेत एकमेकींना कशा धडकतात, यावर तीस निबंधांत मिळून एक पानभरही मजकूर मला सापडला नाही.

आणि ती भाषा! 'प्रस्तुत शोधनिबंधात अभ्यास करण्यात आलेला आहे.' 'मांडणी करण्यात आली आहे.' 'प्रकाश टाकण्यात येत आहे.' कोण करतंय? कुणी केलं? वाक्यात माणूसच नाही. ही भाषा मला चांगली ओळखीची आहे. हंगाम संपला की मिलच्या फळ्यावर नोटीस लागते, 'खालील कामगारांना कमी करण्यात येत आहे.' तिथंही कमी करणाऱ्याचं नाव नसतं. सरकारी मराठी, मालकाची मराठी आणि शोधनिबंधाची मराठी एकाच गिरणीतून निघालेली आहे. लिहिणारी पोरं बहुतेक आपलीच आहेत, पहिल्या पिढीची. घरात बोलतात तेव्हा त्यांची भाषा काय सणसणीत असते! कागदावर आली की ती पोरं स्वतःच वाक्यातून बाहेर निघून उभी राहतात, पूर्वी आपले आजे देवळाबाहेर राहायचे तशी. त्यांना कुणीतरी शिकवलंय की 'मी' म्हटलं की संशोधन बाटतं.

पण सगळा दोष पोरांच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. हा कारखाना कुणी उभा केला तेही बघा. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम केला : प्रबंध सादर करण्याआधी एक तरी निबंध नियतकालिकात छापून आला पाहिजे. २०१० पासून मास्तरांच्या बढतीला गुण लागू झाले, छापील निबंध मोजून गुण. झालं! ज्याला सांगण्यासारखं आहे तोही लिहितो, ज्याला काही सांगायचं नाही तोही लिहितो, आणि ज्यांना लिहिण्या-वाचण्याशी देणंघेणं नाही ते मासिकं काढतात. पेरणी आली की बोगस बियाणंवाला गावात येतो तसं. २०१७ मध्ये आयोगानं मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. पुण्याच्या भूषण पटवर्धनांनी सहकाऱ्यांसह ती तपासली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निकाल छापला. विद्यापीठांनी शिफारस करून यादीत घातलेल्या ज्या नियतकालिकांची तपासणी झाली, त्यातली ८८ टक्के निकृष्ट निघाली. म्हणजे चोराला पाटीलकी खुद्द विद्यापीठांनीच दिली होती. २०१८ च्या मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नावं एका झटक्यात यादीतून उडवली. ज्या पोरांचे पैसे त्यात गेले होते त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. मग २०१९ मध्ये 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. लगेच यादीतल्या खऱ्या मासिकांच्या नावानं खोटी संकेतस्थळं उभी राहिली आणि पैसे घेऊ लागली. २०२२ च्या नव्या नियमांत प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत ती केअर यादीच बंद झाल्याचं आयोगानं जाहीर केलं. सोळा वर्षांत चार वेळा दाराची कडी बदलली. उंबऱ्यात उभं राहणाऱ्यानं काय करायचं?

आपल्या माणसाच्या दृष्टीनं या धंद्यातली खरी गंमत वेगळीच आहे. १९२० मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापा म्हणून 'केसरी'ला विचारलं, तर 'केसरी'नं नकार दिला. तेव्हा आपल्याला पैसे देऊनही जागा नव्हती. आज पैसे दिल्याशिवाय जागा नाही. या शंभर वर्षांत आपण इथपर्यंत आलो.

आता दोस्ताची गोष्ट. नाव सांगत नाही, त्याचा प्रबंध अजून अडकलेला आहे. सिद्धेश्वरचं धरण पूर्णा नदीवर, १९६० च्या दशकात बांधलेलं. वर येलदरी, खाली आमचं. त्याच्या पाण्यावर परभणी, हिंगोली, नांदेडकडची शिवारं भिजतात. दोस्ताचा प्रश्न सरळ आहे : बुडालेल्या जमिनींत आपल्या वस्तीच्या कसणुकीची किती होती आणि मोबदला कुणाच्या नावावर निघाला? तीन वर्षं तो म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या पायाशी बसला. एकेका आज्जीनं त्याला बांध, विहीर, आंब्याचं झाड सगळं बोटानं पाण्यावर दाखवलं. त्याचा निबंध त्यानं इंग्रजीत उतरवला आणि एका नावाजलेल्या नियतकालिकाला पाठवला. अकरा महिने उत्तर नाही. ज्याची फेलोशिप महिन्या-महिन्यानं मोजलेली असते त्याला अकरा महिने म्हणजे काय, हे पगारी माणसाला कळणार नाही. २०२३ च्या सुरुवातीला बार्टीचे ८६१ संशोधक फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसले होते, त्यांना विचारा.

अकरा महिन्यांनी दोन परीक्षकांचे शेरे आले. एकानं लिहिलं, नुसत्या तोंडी आठवणींवर भिस्त आहे, महसुली कागदाशी ताळा घातलेला नाही. दुसऱ्यानं लिहिलं, लेखक विषयात फार गुंतलेला आहे, जातीचे उल्लेख कमी करावेत आणि शेवटचा भाग राजकीय असल्यानं गाळावा. दोस्त पेटला. म्हणाला, "गड्या, साल्यांनी दोघांनी मिळून गेम केला." आणि रागारागात तोच निबंध जसाच्या तसा एका पैसेवाल्या मासिकाला पाठवला. दोन दिवसांत स्वीकृती, अठराशे रुपये. माझी हजेरी साडेचारशे, म्हणजे माझ्या चार दिवसांच्या घामाचा एक शोधनिबंध. छापून आला तेव्हा गावाचं नाव दोन ठिकाणी चुकलेलं होतं. कुणी वाचलाच नव्हता.

पेटण्यात त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण ते दोन शेरे एकाच पोत्यात घालायला माझा विरोध आहे, आणि या लेखातली माझी खरी तक्रार तीच आहे. आपली चळवळ नकाराचे प्रकार ओळखत नाही. जो नाही म्हणेल तो मनुवादी, जो हो म्हणेल तो आपला. मग दोन दिवसांत हो म्हणणारा तो अठराशेवाला सगळ्यात मोठा क्रांतिकारक ठरतो!

बाबासाहेबांचं बघा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरात दिला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी आक्षेप घेऊन तो परत केला. इंग्रजांच्या चलन धोरणाचे त्यात वाभाडे काढलेले होते, परीक्षकांना ते झोंबलं. पैसे संपलेले, घरी परतणं भाग. बाबासाहेब मुंबईला आले, प्रबंधाला पुन्हा हात घातला, आणि निष्कर्ष तेच ठेवून मांडणी बदलून ऑगस्टात परत पाठवला. चरित्रकार असंच सांगतात. नोव्हेंबरात डी.एस्सी. मिळाली, त्याच साली लंडनच्या पी. एस. किंग कंपनीनं पुस्तक काढलं. त्याला प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. कॅननसाहेबांनी तिथं उघड लिहिलं की यातले बरेचसे युक्तिवाद मला मान्य नाहीत, पण विचारात ताजेपणा आहे. मला या प्रस्तावनेचं फार अप्रूप वाटतं. शिष्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर गुरू म्हणतो, मला पटत नाही, तरी वाचा. आपल्याकडं गाईडचं नाव शिष्याच्या निबंधावर आधी छापावं लागतं, मग पटण्या-न पटण्याचा प्रश्नच कुठं येतो?

कोलंबियाचं तर याहून लांबलं. पीएच.डी. मिळायला प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा कराव्या लागायच्या. १९१७ मध्ये झालेलं काम १९२५ मध्ये पुस्तक होऊन आलं आणि पदवी हातात पडली १९२७ साली. छापल्याशिवाय पदवी नाही, ही आयोगानं काढलेली नवी शक्कल नव्हे. बाबासाहेबही त्या रांगेत दहा वर्षं उभे होते.

आणि आता लाहोर. जातपाततोडक मंडळानं १९३६ च्या परिषदेचं अध्यक्षपद बाबासाहेबांना दिलं. भाषण आधी छापून हवं होतं. मंडळाचे हरभगवान एप्रिलमध्ये मुंबईला आले, भाषण वाचलं, आणि गाळागाळ सुरू झाली. वेदांबद्दलचं काढा, हिंदू म्हणून हे माझं शेवटचं भाषण असं जे म्हटलंय ते काढा, शेवट बदला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही हलवायला नकार दिला. परिषद रद्द झाली. मग त्यांनी काय केलं? स्वतःच्या खर्चानं दीड हजार प्रती छापल्या, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला मंडळाशी झालेला सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा दिला! कुणी काय गाळायला सांगितलं, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत, सगळं. दोन महिन्यांत आवृत्ती खलास. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींची 'हरिजन'मधली टीकाही छापली आणि खाली आपलं उत्तरही. आज युरोप-अमेरिकेत काही नियतकालिकं परीक्षकांचे शेरे निबंधासोबत छापतात आणि त्याला नवी सुधारणा म्हणतात. अरे, हे आमच्या दादरच्या राजगृहातून १९३६ साली झालंय.

लंडनला त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला, लाहोरला एक अक्षर बदललं नाही. माणूस तोच. मी यावर पुष्कळ दिवस विचार करतोय. लंडनच्या परीक्षकांच्याही पोटात दुखतच होतं, ते काही संत नव्हते. पण तिथं बोलणं मांडणीवर चाललं होतं, आणि पुरावा जास्त घट्ट करून त्यांना उत्तर देता येत होतं. लाहोरवाल्यांना पुरावा नको होता, त्यांना निष्कर्षच नको होता.

आमच्याकडं कापूस खरेदीला सीसीआयचा ग्रेडर ओलावा बघतो. आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, त्यावर कपात, बाराच्या पुढं गाडी परत. शेतकरी शिव्या देतो, पण मीटर दाखवा म्हणतो तेव्हा मीटर दाखवावं लागतं, आणि कापूस वाळवून पुन्हा आणता येतो. गाडी कुणाची आहे हे बघून ओलावा ठरवणारा जो असतो त्याच्याशी वाळवून उपयोग नसतो, त्याच्याशी भांडावंच लागतं. दोस्ताचा पहिला परीक्षक मीटर दाखवत होता. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक हा जमिनीचा बुनियादी कागद. ते न बघता मोबदल्यावर निबंध लिहिला तर उद्या एखादा तलाठीही तो फाडून टाकील, आणि आज्जीनं बोटानं दाखवलेलं आंब्याचं झाड खोटं पडेल. म्हातारीची साक्ष खरी असेल तर तिच्यासाठीच कागद शोधला पाहिजे. आणि कागद तिच्या विरुद्ध बोलला, तर कागदावर नावं कशी चढत होती ते लिहायचं, तोही शोधच. दुसरा परीक्षक मात्र लाहोरचा. जातीचे उल्लेख कमी करून धरणग्रस्तांवर लिहायचं म्हणजे मीठ न वापरता खारं करायचं.

'लेखक विषयात गुंतलेला आहे', हा आरोप तर ऐकून कान किटले. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त लिहून ठेवलंय की भारतातल्या समाजशास्त्रांतही वर्णव्यवस्था आहे, सिद्धांत मांडणारे वर आणि माहिती गोळा करणारे खाली. ज्यानं तो लेख लिहिला तोच माणूस २०१८ मध्ये त्याच साप्ताहिकाचा संपादक झाला. पहिल्या पक्षातल्या मित्रांनी याकडंही जरा बघावं. दार उघडत नाही असं नाही, पण लाथ घालणाऱ्याच्या हातात लेख लागतो.

नाव झाकून निबंध तपासायची पद्धत आहे, तिच्याबद्दलही बोललं पाहिजे. लेखकाला परीक्षक माहीत नाही, परीक्षकाला लेखक माहीत नाही. आपल्यातले काही याला ढोंग म्हणतात. मी म्हणत नाही. आडनाव बघितल्याबरोबर ज्यांच्या चेहऱ्यावरचे स्नायू बदलतात अशा देशात आडनाव झाकून वाचणं ही लहान गोष्ट नाही. पण नुसतं आडनाव झाकून जात झाकते का? सिद्धेश्वर, धरण, वस्ती, आज्जी, एवढं वाचलं की परीक्षकाला कळतं पोरगं कुठलं आहे. इंग्रजीत 'द' कुठं चुकला त्यावरूनही कळतं. आणि परीक्षकाचा मात्र पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. तो काहीही लिहून अंधारात जातो.

आमच्याच तालुक्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला, लायगोची वेधशाळा उभी करायची आहे. गुरुत्वलहरी पकडायचं यंत्र. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची ती थरथर. त्यावरचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'कडं २१ जानेवारी २०१६ ला पोचला आणि ११ फेब्रुवारीला छापून आला. एकवीस दिवसांत! त्यावर हजारांहून जास्त लेखकांची नावं, भारतातल्या संशोधकांचीही, आणि सगळी अक्षरांच्या क्रमानं, कोण मोठा कोण लहान न बघता. निबंध कुणालाही फुकट वाचता येतो. मी मोबाईलवर उघडून बघितला, कळला नाही, पण उघडला. म्हणजे मनात आलं तर हे लवकर होतं, सगळ्यांचं नाव लागतं, आणि दारही उघडं ठेवता येतं. हे फक्त कृष्णविवरांसाठीच का, धरणात बुडालेल्या जमिनीसाठी का नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

तो निबंध पोचायच्या चार दिवस आधी, १७ जानेवारी २०१६ ला, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याची फेलोशिप सात महिने थांबलेली होती. त्याला ताऱ्यांवर लिहायचं होतं, विज्ञानलेखक व्हायचं होतं. मी दोन्ही तारखा डायरीत एकाखाली एक लिहून ठेवल्यात. त्यावर कविता करायला बसलो होतो, झाली नाही.

आता पैशाचा हिशेब. कामगाराला हिशेबाशिवाय समजत नाही. संशोधक निबंध लिहितो, त्याला दमडी मिळत नाही. परीक्षक तपासतो, त्यालाही नाही. छापखानेवाला साहेब तोच निबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विकतो. आमच्या जिनिंगच्या भाषेत बोलायचं तर कापूस फुकट, रेचाईची मजुरी फुकट, आणि गाठ बांधून पुन्हा त्याच शेतकऱ्याच्या दारात विकायला आणायची! अशी गिरणी मला कुणी चालवायला दिली असती तर मीही मखमलीचा कोट घातला असता. येसकराची वेठ गेली असं आपण म्हणतो. परीक्षकाची वेठ बघा, शिकलेली माणसं हौसेनं करतात आणि वर मान मिळाला म्हणतात.

वाचणाऱ्याकडून पैसे नकोत, तर मग लिहिणाऱ्यानं भरावेत, अशी दुसरी वाट काढली. 'नेचर'नं २०२० साली जाहीर केलेला खुल्या निबंधाचा दर साडेनऊ हजार युरो. युरो नव्वद रुपयांचा धरला तरी साडेआठ लाखांवर जातं. माझ्या हजेरीनं एकोणीसशे दिवस. जिनिंगचा हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर बारा हंगाम भरून तेरावा लागतो. तोवर मी चाळिशीकडं झुकेन.

सरकारनं यावर 'एक राष्ट्र एक वर्गणी' नावाची योजना काढली. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं. सरकारी विद्यापीठं-महाविद्यालयांतल्या पोरांना आता ती उघडता येतील. चांगलंच आहे, दोस्ताला फायदा होईल. पण सहा हजार कोटी गेले कुणाकडं? त्याच प्रकाशकांकडं. आणि योजनेचं दार कॉलेजच्या गेटाशी संपतं. ज्या म्हातारीनं साक्ष दिली ती, तिचा नातू, मी, आम्ही गेटाच्या बाहेर. ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचता यावं अशी अट एकाही नियमात नाही.

१९३६ च्या त्या पुस्तकाची किंमत बाबासाहेबांनी आठ आणे ठेवली होती. गांधींनी टीका करताना किंमत जास्त आहे, दोन आणे, निदान चार आणे करा, असाही सल्ला दिला होता. गांधींच्या बाकीच्या टीकेला मी काडीची किंमत देत नाही, पण हा एक शेरा मात्र पहिल्या परीक्षकासारखा होता. पुस्तक पुढं मराठीत, गुजरातीत, तमिळमध्ये गेलं, गावोगाव पोचलं. याउलट 'बुद्ध आणि त्याचा धम्म' छापायला पैसे उभे करताना बाबासाहेबांना १९५६ च्या सप्टेंबरात नेहरूंना पत्र लिहावं लागलं की सरकारनं पाचशेक प्रती घ्याव्यात. नेहरूंनी कळवलं, बुद्ध जयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली. पुस्तक १९५७ मध्ये आलं, बाबासाहेब गेल्यावर. आणि 'रिडल्स' तर सरकारी खंडात १९८७ ला छापून झाल्यावरही त्यातलं परिशिष्ट काढा म्हणून शिवसेना रस्त्यावर आली. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आपली लाखो माणसं उतरली तेव्हा ते जागेवर राहिलं. सरकारनं 'आम्ही याच्याशी सहमत नाही' अशी टीप मात्र चिकटवली. वसंत मून यांनी संपादनात किती काय सोसलं असेल, कल्पना करा.

हे झालं परक्यांचं. आता घरातलं. १८८३ मध्ये जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. 'दीनबंधू'नं पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढं थांबवलं. 'दीनबंधू' कुणाचा? सत्यशोधकांचाच. संपादक नारायण मेघाजी लोखंडे, आम्हा गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे, ज्यांचं नाव मी आदरानं घेतो. आपल्याच माणसानं आपल्याच गुरूचा मजकूर अडवला, आणि तो ग्रंथ फुल्यांच्या हयातीत पुस्तक म्हणून निघाला नाही. तेव्हा आपलं मासिक असलं म्हणजे भागलं, हे पहिल्या पक्षाचं म्हणणं मला मान्य नाही.

या आपल्या अंकाचंच घ्या. इथं कविता येते ती ओळखीनं येते आणि परत जाते ती न सांगता जाते. संपादक मित्र रागावतील, रागावू देत. मुंबईकर कवीची रद्दड कविता पहिल्या पानावर लागते, आणि वसमतकडच्या एका पोरीच्या चार कविता तीन अंक पडून राहिल्या. त्यांवर एका ओळीचा शेरा कुणी तिला पाठवला नाही. कुणीतरी लंडनसारखा खवट शेरा पाठवला असता तरी चाललं असतं, निदान कुणी वाचलं हे तिला कळलं असतं. सायक्लोस्टाईलवर काढतो म्हणून आपण आपोआप विद्रोही होत नाही.

माझी सूचना एवढी आहे. दोस्ताचा निबंध पुढच्या अंकात छापायचा, मराठीत, आज्जीला वाचून दाखवता येईल असा. सुरुवातीला ते दोन्ही शेरे जसेच्या तसे द्यायचे, नियतकालिकाचं नाव गाळून. पहिल्या शेऱ्याखाली त्यानं काय बदललं ते, दुसऱ्याखाली का बदललं नाही ते. आपल्यातल्या दोघांनी तो आधी तपासायचा, एकजण महसुलातला माहीतगार पाहिजे, आणि त्या दोघांनी आपले शेरे स्वतःच्या नावानं छापायचे. पंधरा-सोळा पानं होतील. दोन रीम कागद मी देतो. तहसीलमध्ये खासऱ्याच्या नकलांना अर्ज टाकलाय, दोन खेटे झालेत, साहेब बैठकीला गेलेत म्हणतात. नकला हातात आल्याशिवाय स्टेन्सिल कापायला घेऊ नका.